तुझं मीटर खरं की माझं? युरोपात पाण्यावरचा रिसर्च एकत्र कसा आला

युरोपियन युनियनच्या पैशावर चाललेला पाण्याचा कुठलाही प्रोजेक्ट बघा, पार्टनरांची यादी लग्नाच्या वऱ्हाडासारखी असते. एक डच लॅब, दोन स्पॅनिश युनिव्हर्सिट्या, एखादी पंप बनवणारी कंपनी, इटलीतले पाणीपुरवठावाले आणि मधेच कुठलं तरी छोटं गाव जिथे प्लांट बसणार असतो. २०२२ पासून तर ‘वॉटर फॉर ऑल’ नावाची मोठी पार्टनरशिपच चालू आहे. बघणाऱ्याला वाटतं ब्रुसेल्समधल्या (युनियनचं मुख्यालय तिथे) कुणा साहेबाने फाइलवर सही केली आणि सगळे गोडीगुलाबीने एकत्र आले. तसं अजिबात नाहीये. हे लोक एकत्र आले कारण त्यांचा एकमेकांच्या आकड्यांवर विश्वास नव्हता, आणि सुरुवातीची बरीच वर्षं सगळं घोडं एकाच ठिकाणी अडलं होतं, की पाण्यात काय आहे ते मोजायचं कुणी आणि कसं.

त्याच्याही आधीचं एक उदाहरण सांगतो, कारण एकत्र नसलं की काय होतं ते त्यात स्वच्छ दिसतं. १८९२ मध्ये हॅम्बुर्गला कॉलरा आला आणि साडेआठ हजारांवर माणसं गेली. शेजारचं आल्टोना, म्हणजे रस्त्याच्या एका बाजूला हॅम्बुर्ग आणि दुसऱ्या बाजूला आल्टोना इतकं जवळ, तिथे मात्र फारसं काही झालं नाही. गंमत म्हणजे आल्टोना एल्ब नदीवर खालच्या अंगाला, हॅम्बुर्गची घाण खाऊन आलेलंच पाणी ते उचलत होते, पण ते वाळूच्या फिल्टरमधून सावकाश गाळून घेत होते आणि हॅम्बुर्गवाले नदीचं पाणी तसंच नळाला सोडत होते. वाळूचा फिल्टर काही नवीन नव्हता, लंडनमध्ये १८२९ पासून वापरात होता. हॅम्बुर्गमध्ये फिल्टरचं काम चालू होतं पण रखडलं होतं, ते पूर्ण झालं १८९३ मध्ये. वरातीमागून घोडं, दुसरं काय. जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख स्वतः तिथे गेला होता आणि पाण्यातूनच कॉलरा पसरतो हे या दोन शहरांच्या तुलनेने सगळ्या युरोपला पटलं.

मग १९१४, मँचेस्टर. आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी सांडपाण्यात हवा सोडून खाली बसलेला गाळ परत परत वापरला, तर पाणी काही तासांत साफ होतं हे दाखवलं. हीच ती ॲक्टिव्हेटेड स्लज पद्धत, आज जगातले बहुतेक मोठे एसटीपी, म्हणजे सांडपाणी साफ करणारे प्लांट, याच तत्त्वावर चालतात. यांचा गुरू गिल्बर्ट फाउलर, तो १९१२ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या लॉरेन्सला चाललेले प्रयोग बघून आला होता आणि ती कल्पना त्याने या दोघांच्या डोक्यात घातली. (हाच फाउलर नंतर १९१६ मध्ये बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये आला, म्हणजे या विषयाचा एक धागा तेव्हाच आपल्याकडे येऊन पोचला होता.) पण हे सगळं होतं माणसामाणसातलं. कोणी तरी जाऊन बघतो, कोणी पेपर वाचतो, कोणी पत्र लिहितो. देशादेशांत ठरवून काही नव्हतं.

ठरवून जे सुरू झालं ते ऱ्हाईनवर. ही नदी स्वित्झर्लंडमधून निघते, फ्रान्स आणि जर्मनीच्या कारखान्यांना धुऊन शेवटी नेदरलँड्समध्ये समुद्राला मिळते, साधारण बाराशे किलोमीटर, आणि आज सुमारे ३ कोटी लोकांच्या पिण्याच्या पाण्याशी तिचा संबंध आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखाने परत धडाक्याने सुरू झाले आणि डच लोकांची पंचाईत झाली, कारण वरचे सगळे जे काही टाकणार ते यांच्या नळाला येणार. ज्याचं जळतं त्याला कळतं, त्यामुळे ओरड डचांनीच सुरू केली. जुलै १९५० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बासलला पाच देश बसले, स्वित्झर्लंड, फ्रान्स, लक्झेंबर्ग, जर्मनी आणि नेदरलँड्स, आणि ऱ्हाईनच्या रक्षणासाठी इंटरनॅशनल कमिशन निघालं. युद्ध संपून पाच वर्षं झालेली, म्हणजे ज्यांनी काल एकमेकांवर बॉम्ब टाकले ते आज एका टेबलावर पाण्याच्या बाटल्या घेऊन. रीतसर करार व्हायला १९६३ उजाडलं, बर्नमध्ये.

आता या कमिशनने सुरुवातीला केलं काय? कोणाला दंड नाही की कारखाना बंद नाही. त्यांनी बसून ठरवलं की नदीवर कुठकुठे सॅम्पल घ्यायचे आणि ते कुठल्या पद्धतीने तपासायचे. ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्याआधी डच म्हणणार मीठ एवढं आहे, वरचा म्हणणार आमच्या लॅबमध्ये तर एवढं येतच नाही, संपला विषय. एकच पद्धत ठरली की निदान आकड्यावरून भांडता येत नाही, मग भांडण पुढच्या पायरीवर जातं. माझ्या मते युरोपातल्या पाण्याच्या सहकार्याचा खरा पाया हाच आहे, ब्रुसेल्स नंतर आलं.

पुढच्या पायरीवरचं भांडणही जोरदार होतं म्हणा. फ्रान्सच्या अल्सासमधल्या पोटॅशच्या खाणी मीठ नदीत सोडायच्या आणि रॉटरडॅमच्या बाजूला नर्सरीवाल्यांची रोपं जळायची. त्यातल्या एका नर्सरीवाल्याची केस १९७६ मध्ये युरोपियन कोर्टात गेली आणि कोर्टाने सांगितलं की नुकसान जिथे झालं तिथेही दावा लावता येतो, फ्रान्सलाच जायला पाहिजे असं नाही. आणि केस लढायची म्हणजे पुरावा पाहिजे, पुरावा म्हणजे वर्षानुवर्षांचे मोजलेले आकडे. पाणीपुरवठावाल्यांनी स्वतःच्या संघटना आधीच काढल्या होत्या, डचांची १९५१ मध्ये आणि सगळ्या ऱ्हाईन खोऱ्याची मिळून १९७० मध्ये, त्यामुळे आकडे फक्त सरकारच्या हातात नव्हते.

दुसरा धक्का रॉटरडॅमच्याच वॉटरवर्क्समधून आला. तिथला केमिस्ट रूक, आधी बिअरच्या धंद्यात काम केलेला, त्यामुळे बाटलीतल्या द्रवावर जमलेली वाफ तपासायची युक्ती त्याला माहीत होती. तीच त्याने नळाच्या पाण्याला लावली आणि क्लोरिन घातल्यावर पाण्यातल्या नैसर्गिक घाणीपासून क्लोरोफॉर्म तयार होतो हे पकडलं, पेपर आला १९७४ मध्ये. म्हणजे ज्याने कॉलरा मरतो त्याच औषधाने दुसरीच भानगड तयार होते. एकट्या शहराच्या आवाक्यातलं हे काम नव्हतं, कारण तेव्हा असली सूक्ष्म रसायनं मोजणारी मशीनं मोजक्या लॅबमध्येच होती. कॉस्ट नावाच्या योजनेत (ही १९७१ ची, देशादेशांतल्या शास्त्रज्ञांना एकत्र बसवायची) पाण्यातल्या ऑर्गॅनिक प्रदूषकांचं ॲनालिसिस असा खास विषय सुरुवातीपासूनच घेतलेला होता. परत तेच बघा, मोजायचं कसं. डच तर या विषयात इतके पुढे गेले की २००५ पर्यंत त्यांनी प्लांटमध्ये क्लोरिन वापरणं जवळजवळ बंदच करून टाकलं, त्याऐवजी किनाऱ्याच्या वाळूच्या टेकड्यांतून पाणी गाळणं, ओझोन, यूव्ही आणि गळती नसलेले पाइप यावर भर.

आणि मग १ नोव्हेंबर १९८६ ची रात्र. बासलजवळ सँडोझ या केमिकल कंपनीच्या गोदामाला आग लागली, आत तेराशे टनांच्या वर रसायनं, आग विझवायला मारलेलं पाणी ती रसायनं घेऊन थेट ऱ्हाईनमध्ये. नदी लाल झाली, दीड लाखाच्या आसपास ईल मासे मेले आणि खालच्या अंगाला पाणी उचलणारे पंप बंद करावे लागले. जे छत्तीस वर्षं मीटिंगा करून झालं नव्हतं ते वर्षभरात झालं. १९८७ चा ऱ्हाईन ॲक्शन प्रोग्रॅम, आणि त्यात टार्गेट काय ठेवलं तर सन २००० पर्यंत नदीत सामन मासा परत यायला पाहिजे. मला हे टार्गेट फार आवडतं, कारण मिलिग्रॅम-मायक्रोग्रॅम सामान्य माणसाला काय कळणार, पण मासा आला की नाही हे कोणालाही कळतं. ९० च्या सुमारास झीग या उपनदीत सामन परत दिसायला लागले. १९९३ मध्ये वाइल आम राइनला जर्मनी आणि स्वित्झर्लंडने मिळून मॉनिटरिंग स्टेशन चालू केलं, दोन देशांचं एकच स्टेशन, म्हणजे तुझं मीटर की माझं हा प्रश्नच मिटला.

दरम्यान प्रत्येक देशात पाणीवाल्यांनी पैसे एकत्र करून लॅब काढायचं खूळ चांगलंच रुजलं होतं. नेदरलँड्समध्ये कीवा १९४८ ची, आजची केडब्ल्यूआर संस्था त्यातूनच निघाली आणि तिची मालकी पाणी कंपन्यांकडेच आहे. ब्रिटनने १९७४ मध्ये जुन्या संस्था जोडून वॉटर रिसर्च सेंटर केलं, पण १९८९ च्या खासगीकरणात ते सगळं विस्कटलं आणि १९९३ मध्ये पाणी कंपन्यांना सामायिक रिसर्चसाठी नवीन संस्था काढावी लागली. फिरून भोपळे चौकात.

ब्रुसेल्सचा पैसा यात आला तो १९८४ पासून, फ्रेमवर्क प्रोग्रॅम नावाने. एक एक करत सात झाले, मग होरायझन २०२० आणि आता होरायझन युरोप, २०२१ ते २७ साठी नऊ हजार तीनशे कोटी युरोच्या वर (सगळ्या विषयांना मिळून, फक्त पाण्याला नव्हे). २००४ मध्ये युरोपियन कमिशनच्याच पुढाकाराने पाणी क्षेत्राचा टेक्नॉलॉजी प्लॅटफॉर्म निघाला, तोच आता वॉटर युरोप म्हणून ओळखला जातो. या सगळ्या नावांचा आणि शॉर्टफॉर्मांचा इतका कचरा झालाय की त्यात शिरलं की माणूस बाहेर येत नाही, म्हणून मी इथेच थांबतो.

खरं वळण २००० चं. त्या वर्षी वॉटर फ्रेमवर्क डायरेक्टिव, म्हणजे युनियनच्या सगळ्या देशांना लागू होणारा पाण्याचा कायदा आला आणि त्याने म्हटलं की प्रशासन नदीच्या खोऱ्याप्रमाणे करा, देशाच्या हद्दीप्रमाणे नको, आणि २०१५ पर्यंत सगळं पाणी ‘चांगल्या’ स्थितीत आणा. आता चांगली म्हणजे काय? फिनलंडचा तलाव आणि स्पेनची उन्हाळ्यात आटणारी नदी यांना एकच फूटपट्टी कशी लावणार? त्यासाठी शेकडो जीवशास्त्रज्ञांनी कित्येक वर्षं घालून प्रत्येक देशाचं ‘चांगलं’ दुसऱ्याच्या ‘चांगल्या’शी जुळवून घेतलं, इंटरकॅलिब्रेशन म्हणतात त्याला. बातम्यांत कधी आलं नाही पण युरोपातलं पाण्यावरचं एवढं मोठं सामायिक काम क्वचितच झालं असेल. रिझल्ट मात्र बेताचाच, तारीख २०२७ पर्यंत ढकलली आणि युरोपियन एन्व्हायर्न्मेंट एजन्सीच्या २०२४ च्या रिपोर्टप्रमाणे नद्या-तलावांपैकी जेमतेम ३७ टक्के चांगल्या इकॉलॉजिकल स्थितीत.

औषधांची भानगडही अशीच मोजता मोजता सापडली. बर्लिनमध्ये ९० च्या दशकात तणनाशक शोधायला गेले आणि सापडलं कोलेस्टेरॉलच्या गोळीतून उरणारं क्लोफिब्रिक ॲसिड, तेही नळाच्या पाण्यात. मग २००१ पासून पोसायडन नावाच्या युरोपियन प्रोजेक्टमध्ये जर्मन, स्विस वगैरे टीम्सनी नेहमीच्या प्लांटमधून कुठलं औषध जातं आणि कुठलं तसंच राहतं ते तपासलं. डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध, जे आपल्याकडे गिधाडांच्या मुळावर आलं तेच, फारसं जात नाही. ओझोन किंवा ॲक्टिव्हेटेड कार्बन लावलं तर बऱ्यापैकी जातं. स्वित्झर्लंडने माणशी वर्षाला ९ फ्रँक घेऊन २०१६ पासून मोठे प्लांट बदलायला घेतले आणि २०२४ मध्ये युनियनने सांडपाण्याचा नवीन कायदा करून मोठ्या प्लांटना २०४५ पर्यंत ही, नेहमीच्या तीन पायऱ्यांनंतरची चौथी पायरी सक्तीची केली, खर्चाचा किमान ८० टक्के वाटा औषध आणि कॉस्मेटिक्सवाल्यांनी द्यायचा. औषध कंपन्या अर्थातच कोर्टात गेल्या.

नुसतं मोजणंच नाही, मशीनंही एकत्र झाली. नेरेडा घ्या. डेल्फ्टच्या युनिव्हर्सिटीत गाळाच्या भुसभुशीत लगद्याऐवजी त्याचे घट्ट दाणे बनवायची पद्धत निघाली, दाणे झटकन खाली बसतात म्हणून वेगळी मोठी टाकी लागत नाही आणि जागा व वीज वाचते. पण देशात शहरासाठी असा पहिला प्लांट बांधायची रिस्क कोण घेणार, फसला तर शहराचं सांडपाणी जाणार कुठे? डच वॉटर बोर्ड (पाण्याचा कारभार बघणाऱ्या स्थानिक सरकारी संस्था), त्यांची स्टोवा ही रिसर्च संस्था आणि एक इंजिनिअरिंग कंपनी यांनी ती वाटून घेतली आणि २०१२ मध्ये एपे गावात शहरी सांडपाण्याचा प्लांट रीतसर सुरू झाला. यामागचा प्रोफेसर मार्क फान लोसड्रेख्त, त्याला २०१८ चं स्टॉकहोम वॉटर प्राइझ विभागून मिळालं. पाणी क्षेत्रात नवीन काही लवकर घेत नाहीत याचं कारणच हे आहे, चुकलं तर सॉरी म्हणून भागत नाही.

आपल्याकडेही यातलं थोडं पोचलं. युरोपियन कमिशन आणि आपलं डीएसटी (केंद्राचा विज्ञान-तंत्रज्ञान विभाग) यांच्या पैशातून २०१२ च्या सुमारास नवाटेक नावाचा प्रोजेक्ट झाला, नागपूरची नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था त्यात होती. वनस्पतींच्या मुळांतून पाणी साफ करणारे प्लांट, साइट्स पुण्यात आणि नागपुरात, त्यात पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजचं होस्टेल आणि नागपूरचं दयानंद पार्क.

कोविडच्या वेळी या सगळ्याचा जो उपयोग झाला तो कोणी ठरवून ठेवला नव्हता. २००५ मध्ये मिलानच्या शास्त्रज्ञांनी पो नदीच्या पाण्यावरून लोक किती कोकेन घेतात याचा अंदाज काढला होता, मग २०११ मध्ये १९ शहरांनी एकाच आठवड्यात एकाच पद्धतीने गटाराचं सॅम्पल घेतलं आणि पुढे ते दरवर्षी होत राहिलं. मार्च २०२० मध्ये केडब्ल्यूआरच्या लोकांना आमर्सफोर्टच्या सांडपाण्यात विषाणू सापडला, शहरात पहिला पेशंट जाहीर होण्याच्या आधी. वर्षभराने युनियनने सगळ्या देशांना सांडपाण्यावर नजर ठेवायला सांगितलं.

सध्या गाजतंय ते पीफास, नॉनस्टिक तव्यापासून रेनकोटपर्यंत सगळीकडे असलेली, न मोडणारी रसायनं. जानेवारी २०२६ पासून युरोपात पिण्याच्या पाण्यात निवडक २० पीफासची बेरीज लिटरला ०.१ मायक्रोग्रॅमच्या वर चालत नाही, किंवा मग सगळे मिळून ०.५. पण सगळे म्हणजे हजारो, त्यांची बेरीज काढायची कशी यावर कमिशनला वेगळ्या गाइडलाइन्स काढाव्या लागल्या, आणि त्या आल्या २०२४ मध्ये, कायदा होऊन जवळजवळ चार वर्षांनी.