वाकडं नाक आणि हट्टी कूर्चा

नाकाचं हाड मोडून नाक कललं, तर ते हाड बसवणं हा उपचारातला त्यातल्या त्यात सोपा भाग. मार ताजा असेल तर मोठ्या माणसांत साधारण दोन आठवड्यांच्या आत हाड जागेवर आणता येतं. जुनं असेल तर बारीक छिन्नीने किंवा हल्ली अल्ट्रासाउंडवर चालणाऱ्या उपकरणाने ते कापून सरकवतात. पण हाड असतं फक्त नाकाच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात. त्याखालचं नाक कूर्चेचं, म्हणजे लवचीक मऊ हाडाचं, आणि सर्जनचा खरा कस तिथे लागतो.

कूर्चा दाबून सरळ केली तरी हात सोडताच पुन्हा वाकते. असं का, ते गिब्सन आणि डेव्हिस या संशोधकांनी १९५८ मध्ये दाखवलं. कूर्चेचा बाहेरचा थर ताणलेला असतो, आतला भाग फुगू पाहत असतो आणि या दोहोंच्या तोलावर तिचा आकार टिकतो. एका बाजूला उथळ चिरा दिल्या की तिथला ताण सुटतो आणि कूर्चा दुसऱ्या बाजूकडे वळते. म्हणून दोन नाकपुड्यांमधला पडदा वाकलेला असेल तर त्याच्या खोलगट बाजूला चिरा देतात. युक्ती सुंदर, पण नुसत्या तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. चिरलेली कूर्चा दुबळी होते आणि किती वळेल याचा नेम नसतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रीअर आणि किलियन या सर्जननी पडद्याचा वाकलेला मधला भागच काढून टाकण्याची पद्धत रूढ केली. वरच्या आणि पुढच्या कडेची निदान एक सेंटिमीटर रुंद पट्टी मात्र राखावीच लागते, नाहीतर नाक मधोमध खचतं. आणि बाहेरून वाकड्या दिसणाऱ्या नाकात पुष्कळदा नेमकी हीच पट्टी वाकलेली असते!

अशा वेळी पडद्यातून काढलेल्या कूर्चेच्या सरळ काड्या त्या पट्टीच्या लगत शिवून तिला आधार देतात. सर्जन जॅक शीन यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या या काड्यांमुळे नाकातली श्वासाची सर्वांत अरुंद जागाही मोकळी होते. नाक सरळ दिसलं पण श्वास कोंडला, तर ती शस्त्रक्रिया फसलीच, असं मी मानतो.

पडदा अगदीच वेडावाकडा असेल तर जर्मनीतल्या स्टुटगार्टचे सर्जन वोल्फगांग गुबिश यांनी रुळवलेली वाट धरतात. अख्खा पडदा बाहेर काढून टेबलावर ठेवायचा, उंचवटे तासायचे, आपसूक सरळ असलेली कड शोधून ती वर येईल असा तो फिरवायचा, गरज पडल्यास भोकं पाडलेली हाडाची पातळ चकती टाक्यांनी जोडायची आणि परत बसवायचा. यात सर्वांत धोक्याची जागा म्हणजे वर जिथे पडदा हाडाला भिडतो तो सांधा. तो सैल पडला तर नाकाच्या दांड्यावर खाच उमटते. म्हणून आता बरेच सर्जन तिथली छोटी पट्टी जागेवरच ठेवतात आणि नवा पडदा तिला शिवतात.