रॉकच्या मंचावरील भयनाट्य: अ‍ॅलिस कूपरच्या गिलोटिनमागची परंपरा

१९७३ साली ‘बिलियन डॉलर बेबीज’ हा अल्बम घेऊन अ‍ॅलिस कूपर हा बँड अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाला, तेव्हा त्याच्या सामानात गिटार, ड्रम आणि ध्वनिवर्धकांबरोबर एक गिलोटिनही होते. ते जेम्स रँडी या जादूगाराने तयार केले होते आणि मंचावर जल्लादाची भूमिकाही तोच करीत असे. अतींद्रिय शक्तींचे दावे खोडून काढणारा म्हणून हाच रँडी पुढे जगभर ओळखला गेला. गायकाची मान फळीत अडकवली जाई, जड पाते खाली येई आणि गायकाच्या चेहऱ्याबरहुकूम केलेले मुंडके प्रेक्षकांपुढे उंच धरले जाई. हा प्रकार केवळ धक्का देण्यासाठी केलेला थिल्लरपणा आहे, अशी टीका तेव्हा पुष्कळ झाली. परंतु त्यामागे रंगभूमीची एक जुनी परंपरा होती, आणि ती लक्षात घेतल्याशिवाय या दौऱ्यांचे मोल कळत नाही.

रंगमंचावर रक्तपात दाखवून प्रेक्षकांचा थरकाप उडवण्याची कला पॅरिसच्या ‘ग्रां गिन्योल’ या नाट्यगृहाने सिद्ध केली. १८९७ साली ओस्कार मेतेनिए याने एका जुन्या प्रार्थनामंदिराच्या वास्तूत ते सुरू केले आणि १९६२ साली बंद पडेपर्यंत तेथे खून, वेड आणि सूड यांची नाटके होत राहिली. अमेरिकेत हीच आवड वेगळ्या वाटेने घरोघर पोहोचली. १९५०च्या दशकात १९३०-४०च्या काळातले भयपट दूरचित्रवाणीवर दाखवले जाऊ लागले आणि पुढे रॉक संगीत घडवणारी पिढी ड्रॅक्युला व फ्रँकेन्स्टाईन पाहतच वाढली.

संगीताच्या मंचावर शवपेटी आणली ती स्क्रीमिन जे हॉकिन्स या कृष्णवर्णीय गायकाने. १९५६ साली त्याचे ‘आय पुट अ स्पेल ऑन यू’ हे गाणे गाजले. त्यानंतर निवेदक अ‍ॅलन फ्रीडच्या आग्रहावरून तो शवपेटीतून बाहेर येत मंचावर प्रवेश करू लागला. काठीवर बसवलेली ‘हेन्री’ नावाची कवटी त्याच्या हातात असे. या साऱ्या परंपरेचा तो खरा मूळपुरुष आहे आणि त्याच्या वाट्याला आलेले श्रेय त्याच्या कर्तृत्वाच्या मानाने फारच तोकडे आहे. इंग्लंडमध्ये स्क्रीमिंग लॉर्ड सच याने १९६०च्या दशकाच्या आरंभी शवपेटीचाच प्रवेश उचलला आणि लंडनच्या कुख्यात खुन्याचे, जॅक द रिपरचे, सोंग आणले. १९६८ साली ‘फायर’ या गाण्याने इंग्लंडमध्ये अव्वल स्थान मिळवणारा आर्थर ब्राऊन रंगवलेल्या चेहऱ्याने आणि डोक्यावर पेटते शिरस्त्राण घालून गात असे. अ‍ॅलिस कूपरने त्याचे ऋण उघडपणे मान्य केले आहे.

या सर्वांपाशी प्रभावी प्रवेश होता, पण पुढे सांगायला कथा नव्हती. ती उणीव अ‍ॅलिस कूपरने भरून काढली, आणि माझ्या मते त्याचे ऐतिहासिक महत्त्व नेमके येथेच आहे. डेट्रॉईटमध्ये जन्मलेला आणि अ‍ॅरिझोनातील फिनिक्समध्ये वाढलेला बँडचा गायक व्हिन्सेंट फर्नियर (बँडचेच नाव घेऊन तोही अ‍ॅलिस कूपर म्हणून ओळखला गेला) आणि त्याचे सहकारी आधी संगीतकार फ्रँक झापाच्या रेकॉर्ड कंपनीकडे होते, तेव्हा त्यांना फारसे यश मिळाले नव्हते. १९७१च्या ‘लव्ह इट टू डेथ’ या अल्बमपासून चित्र बदलले. त्यातील एक गाणे १९३१च्या ‘ड्रॅक्युला’ चित्रपटात रेनफिल्ड साकारणाऱ्या ड्वाइट फ्राय या नटाच्या नावावर बेतलेले होते आणि गायक ते वेड्यांना जखडण्याच्या बंद बाह्यांच्या अंगरख्यात म्हणत असे. प्रयोगाच्या उत्तरार्धात त्याला विजेच्या खुर्चीवर बसवले जाई. ‘किलर’ या अल्बमच्या दौऱ्यात खुर्चीची जागा फासाने घेतली आणि १९७३ साली गिलोटिन आले. प्रत्येक वेळी क्रम एकच होता: खलनायक अपराध करतो, बाहुल्यांची खांडोळी करतो, आणि त्याला शिक्षा होते. नीतिकथेचीच ही रचना आहे. इंग्लंडमध्ये नीतिरक्षणाची चळवळ चालवणाऱ्या मेरी व्हाइटहाऊस आणि खासदार लिओ अ‍ॅब्से यांनी या बँडविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा हा शिक्षेचा भाग त्यांच्या टीकेत कोठेच आला नाही, याचे आजही वाईट वाटते.

मूळ बँड १९७४ नंतर एकत्र राहिला नाही. एकट्या कूपरने १९७५ साली ‘वेलकम टू माय नाईटमेअर’ हा दौरा काढला आणि त्यात ही कला सर्वांत परिपक्व झाली. मंचावरच्या मोठ्या पडद्याला उभ्या चिरा होत्या. पडद्यावरील चित्रफितीत धावणारी आकृती नेमक्या क्षणी त्या चिरेतून प्रत्यक्ष देहाने बाहेर पडे आणि पुन्हा आत शिरून चित्र होई. चित्रफीत, नर्तक आणि वादक यांचा मेळ क्षणभर जरी चुकला असता तरी सगळी किमया फसली असती. असल्या प्रयोगांतील धोकाही खरा होता: १९८८ साली लंडनमधील तालमीत फाशीच्या प्रसंगी शरीराचा भार पेलणारी तार तुटली आणि कूपर थोडक्यात बचावला.

किस या बँडने रंगवलेले चेहरे, तोंडातून ओघळणारे रक्त आणि आगीचे फूत्कार घेतले. कथा घेतली नाही. आयर्न मेडन या इंग्लिश हेवी मेटल बँडची गोष्ट निराळी. त्यांचे बोधपात्र ‘एडी’ आरंभी मंचामागे टांगलेला एक मुखवटा होते, ज्यातून पंपाने खोटे रक्त उडवले जाई. १९८०च्या पहिल्या अल्बमवर चित्रकार डेरेक रिग्ज याने त्याला रूप दिले आणि १९८४-८५च्या दौऱ्यात तो इजिप्तच्या ममीच्या रूपात मंचावर अवतरला. त्याच दौऱ्याच्या धर्तीवर मंच उभारलेला ‘समव्हेअर बॅक इन टाइम’ हा दौरा १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत सुरू झाला, आणि या परंपरेचा एक अध्याय महाराष्ट्रातील रसिकांना आपल्याच शहरात अनुभवता आला.