किलोभर दूध, तासभर खेळ

गरीब देशांतल्या लहान मुलांच्या मेंदूची चर्चा सुरू झाली ती ताटापासून. १९६०च्या दशकात मूल खुरटलेलं दिसलं, डोक्याचा घेर भरला नाही, की बोट आधी प्रथिनांकडे जाई. ग्वाटेमालाच्या चार खेड्यांत १९६९ ते १९७७ या काळात हेच तपासलं गेलं. दोन गावांत 'आतोले' हे प्रथिनयुक्त पेय, उरलेल्या दोन गावांत प्रथिनं नसलेलं गोड 'फ्रेस्को'. ती मुलं मोठी होऊन कामाला लागल्यावर, २००८ मध्ये हिशेब आला: पहिल्या दोन वर्षांत आतोले मिळालेल्या पुरुषांची तासाची कमाई ४६ टक्क्यांनी जास्त. वय वर्षं तीननंतर मिळालं तर मात्र फरक नाही. बायकांच्या कमाईतही तो दिसला नाही, हे सांगायचं बहुतेक जण विसरतात.

खरा धक्का जमैकात बसला. १९८६-८७ मध्ये संशोधक सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतली ९ ते २४ महिन्यांची १२९ खुरटलेली मुलं निवडली. काहींना आठवड्याला किलोभर दुधाची भुकटी, काहींच्या घरी आठवड्यातून तासभर आरोग्यसेविका, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. सेविका तपासायला येत नसे, खेळायला येई. रिकाम्या बाटल्या आणि टाकाऊ सामानातून केलेली खेळणी घेऊन ती जमिनीवर बसे, आईलाही खेळात ओढी. जाताना खेळणी ठेवून जाई, पुढच्या खेपेला ती बदलून नवी देई.

दोन वर्षांनी दोन्ही उपाय लागू पडलेले दिसले. पण मुलं बावीस वर्षांची झाली तेव्हा दुधाचा परिणाम विरला होता. खेळलेल्यांची कमाई मात्र न खेळलेल्यांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त होती. माझ्या मते या विषयाचा इतिहास इथेच वळला.

२००७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने आकडा मांडला: विकसनशील देशांतल्या पाच वर्षांखालच्या वीस कोटींहून अधिक मुलांची वाढ त्यांच्या कुवतीइतकी होत नाही. २०१६ मध्ये तो पंचवीस कोटींच्या घरात गेला. गंमत अशी, की या मोजणीत मेंदू कुणी पाहिलाच नव्हता. खुरटलेली उंची आणि गरिबी यांवरून अंदाज बांधला होता.

मेंदूत डोकावणं त्यामानाने अलीकडचं. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबिया देशातलं केनेबा गाव आणि ढाक्यातली झोपडवस्ती इथे बाळांच्या डोक्यावर दिव्यांची टोपी चढवली जाते. तिचा मंद प्रकाश कवटीतून आत जातो आणि मेंदूच्या कुठल्या भागात प्राणवायू वाढला ते कळतं. गुंगीचं औषध लागत नाही. बाळ आईच्या मांडीवर बसून समोरची चित्रं बघत असतं.