उरुआपानचा चौक: मेक्सिकोतल्या नगराध्यक्षांच्या हत्यांमागचा इतिहास

१ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री मिचोआकान राज्यातल्या उरुआपानच्या मुख्य चौकात मेणबत्त्यांचा उत्सव भरला होता. मृतांच्या स्मरणाचे दिवस, चौकात पोराबाळांसह आलेली कुटुंबं. डोक्यावर नेहमीची हॅट घातलेल्या नगराध्यक्षांनी काही वेळापूर्वीच आपल्या लहान मुलाला कडेवर घेतलं होतं, तेही चित्रफितीत दिसतं. त्यांना केंद्राचं संरक्षण होतं. तरी ते भर गर्दीत गोळ्या घालून मारले गेले.

चौकाला स्पॅनिशमध्ये ‘प्लासा’ म्हणतात. अमली पदार्थांच्या तस्करीच्या धंद्यातही तोच शब्द आहे, आणि त्याचा अर्थ पन्नास वर्षांत पार उलटा झाला आहे. एकाच पक्षाची सत्ता होती त्या काळात (१९२९ ते २००० अशी ७१ वर्षं) प्लासा म्हणजे एखाद्या पट्ट्यातून माल नेण्याचा मक्ता. तो मक्ता द्यायचे पोलीस आणि गुप्तचर खात्यातले अधिकारी, हप्ता घेऊन. नगराध्यक्षाला या व्यवहारात किंमत नव्हती. राज्यपाल ठरवतील तो माणूस तीन वर्षं खुर्चीवर बसायचा आणि घरी जायचा. लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहण्याची घटनेनेच मनाई होती. आज प्लासा म्हणजे टोळीच्या ताब्यातला इलाखा. तिथे नगराध्यक्षच भाडेकरू. पूर्वी सरकारी माणूस भाडं वसूल करायचा, आता तो भरतो. ‘प्लासा तापवणं’ असाही एक वाक्प्रचार आहे. शत्रूच्या इलाख्यात मुद्दाम असं काही घडवायचं की तिथे लष्कर उतरलं पाहिजे. त्यासाठी नगराध्यक्षाच्या खुनाइतका हुकमी उपाय नाही. त्यामुळे मेलेला माणूस कोणत्या टोळीला नकोसा होता, हा प्रश्न कित्येकदा चुकीचाच ठरतो.

यातलं महत्त्वाचं वळण अमली पदार्थांशी संबंधित नाही, ते आलं घटनेच्या ११५ व्या कलमातून. १९८३ च्या दुरुस्तीने पाणी, दिवाबत्ती, बाजार, कचरा यांच्या बरोबरीने स्थानिक पोलीसही ‘मुनिसिपिओ’कडे आले. मुनिसिपिओ म्हणजे नुसती नगरपालिका नव्हे. मुख्य गाव आणि भोवतालच्या वाड्यावस्त्या मिळून, आपल्या तालुक्याच्या जवळ जाणारं एकक. देशात असे सुमारे २,४७० आहेत. कुठे हजारो पोलीस, कुठे बोटांवर मोजण्याइतके, कुठे एकही नाही. तस्करीचा तपास केंद्राच्या अखत्यारीत, म्हणजे या पोलिसांना टोळीवर खटला भरता येत नाही. पण नाक्यावर कोण उभं राहणार आणि कुठली गाडी अडवायची नाही, हे त्यांच्याच हातात. टोळ्यांना नेमकं तेवढंच हवं होतं. ऑगस्ट २०१० मध्ये नुएव्हो लिओन राज्यातल्या सांतियागोच्या नगराध्यक्षांना घरातून उचलून नेऊन मारलं, तेव्हा पकडलेल्यांत त्यांच्याच हाताखालचे पोलीस निघाले.

पुन्हा उरुआपानकडे येऊ. सप्टेंबर २००६ मध्ये इथल्याच एका नाइटक्लबच्या नाचाच्या फरशीवर पाच मुंडकी फेकली गेली. डिसेंबरात नव्या राष्ट्राध्यक्षांनी शपथ घेतल्यावर दहाच दिवसांत मिचोआकानमध्ये, म्हणजे स्वतःच्याच राज्यात, साडेसहा हजारांच्या आसपास सैनिक आणि पोलीस पाठवले. टोळ्यांविरुद्धच्या त्या युद्धाबद्दल एव्हाना पुष्कळ लिहिलं गेलंय. त्यातल्या एका सकाळीबद्दल मात्र पुरेसं लिहिलेलं नाही.

२६ मे २००९. केंद्रीय पोलीस आणि सैनिक एकाच वेळी मिचोआकानमधल्या अनेक नगरपालिकांत शिरले आणि दहा नगराध्यक्षांना घेऊन गेले. त्यांत उरुआपानचेही होते. सोबत पोलीसप्रमुख आणि राज्य सरकारातले अधिकारी. पुढच्या काही आठवड्यांत आकडा तीसच्या वर गेला. आरोप एकच, स्थानिक टोळीला संरक्षण दिल्याचा. पकडलेले नगराध्यक्ष तिन्ही मोठ्या पक्षांचे होते, यावर सरकारने भर दिला. विरोधी पक्षाच्या राज्यपालांचं म्हणणं, आपल्याला आधी कळवलंसुद्धा नाही. संसदेची निवडणूक चाळीस दिवसांवर होती. लोकांनी या कारवाईचं नाव पाडलं ‘मिचोआकानासो’. स्पॅनिशमध्ये ‘-आसो’ हा प्रत्यय तडाख्यासाठी लावतात; मात्र तडाखा कोणाला बसला, हे नावात नाही.

खटले उभे राहिले ते मुख्यतः नाव लपवलेल्या साक्षीदारांच्या जबान्यांवर, आणि न्यायालयात ते टिकले नाहीत. दोन वर्षांच्या आत पकडलेली माणसं टप्प्याटप्प्याने सुटली, शिक्षा कोणालाच झाली नाही. राष्ट्राध्यक्षांनी दोष न्यायाधीशांवर टाकला. कारवाईचे समर्थक आजही २०१४ कडे बोट दाखवतात: त्या वर्षी आपात्सिंगानसह काही गावांच्या नगराध्यक्षांना टोळीशी संगनमताच्या आरोपावरून खरोखरच अटक झाली, म्हणजे वास खरा होता. असेलही. पण वासावर खटला चालत नाही. सरकारची फजिती झाली ती झालीच. माझ्या मते खरं नुकसान वेगळं आहे. त्या दिवसापासून धमकी आलेल्या नगराध्यक्षाला केंद्राकडे जाण्याची सोय उरली नाही. तक्रार करायची तर आधी कबूल करावं लागणार, की हो, त्यांची माणसं माझ्याकडे आली होती, आम्ही बोललो. आणि पुरावा म्हणून नेमकं तेच त्याच्यावर उलटणार.

२००९ च्याच ऑक्टोबरात, त्याच राज्यात, तिकिचेओच्या नगराध्यक्षांवर हल्ला झाला. पती ठार, त्या वाचल्या. जानेवारीत पुन्हा हल्ला, पुन्हा वाचल्या. अंगावरच्या जखमांचे फोटो त्यांनी स्वतःच प्रसिद्ध केले. मुदत संपली, पद गेलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये मोरेलिया शहरात मुलीसोबत गाडीतून जाताना त्यांना पळवलं आणि मारलं. पद सुटलं तरी हिशेब सुटत नाही, हे इतरांना कळायला एवढं पुरेसं होतं.

हिशेब कसला, तेही या सुमाराला उघड झालं. सार्वजनिक कामांच्या निधीतले दहा टक्के टोळीला, हा मिचोआकानमधला ठरलेला दर. लिंबू, अ‍ॅव्होकाडो, लोहखनिज यांवरचा हप्ता वेगळा. इथल्या बोलीत त्याला ‘पिसो’ म्हणतात, म्हणजे शब्दशः जमीन. उभं राहायला जागा दिल्याचं भाडं. ऑक्टोबर २०१३ मध्ये सांता आना मायाचे नगराध्यक्ष, पेशाने डॉक्टर, पालिकेला निधी वाढवून मिळावा म्हणून सिनेटसमोर उपोषणाला बसले होते. नोव्हेंबरात त्यांचा मृतदेह सापडला.

मग वर्षं भराभर पुढे सरकतात. २०१४ मध्ये गेरेरो राज्यातल्या इगुआलातून ४३ विद्यार्थी बेपत्ता झाले, आणि संशय थेट नगराध्यक्ष दांपत्यावर गेला. त्यानंतर कुठल्याही नगराध्यक्षाचा खून झाला की पहिला प्रश्न ‘कोणी मारलं’ हा नसतो, ‘त्याचे संबंध कुणाशी होते’ हा असतो. २ जानेवारी २०१६ ला मोरेलोस राज्यातल्या तेमिस्कोच्या ३३ वर्षांच्या नगराध्यक्षांना शपथविधीच्या दुसऱ्याच दिवशी घरात घुसून मारलं. राज्यपालांनी कारण दिलं ते स्थानिक पोलिसांना राज्याच्या हुकमाखाली आणणारं एकछत्री पोलीसदल, ज्याच्या त्या बाजूने होत्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये गेरेरोची राजधानी चिल्पान्सिंगोच्या नगराध्यक्षांचं शीर कापलं, तेव्हा त्यांना पद घेऊन आठवडाही झाला नव्हता. त्यांच्या सचिवांना तीनच दिवस आधी गोळ्या घातल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात मारण्यामागे साधा व्यवहार आहे. माणूस नवा, करार नवा, आणि अटी आधी कळवायच्या. २०१८ पासून लागोपाठ दुसरी मुदत लढवता येऊ लागली, त्याने या व्यवहारात फारसा फरक पडला नाही.

निवडणुकीतल्या बळींचे आकडे मात्र जपून वाचावे लागतात. २०१८ साठी ४८ हा आकडा सर्रास दिला जातो. त्यात उमेदवारी मिळालेले आणि नुसते इच्छुक, दोन्ही आहेत. पण इच्छुकांना वगळणंही बरोबर नाही. २६ फेब्रुवारी २०२४ ला मिचोआकानमधल्या माराव्हातिओत दोन वेगवेगळ्या पक्षांच्या दोन इच्छुकांना एकाच दिवशी मारलं. मतपत्रिका छापण्याआधीच अर्धी निवडणूक उरकली होती.

चेरान हे याच राज्यातलं पुरेपेचा लोकांचं गाव. तिथे एप्रिल २०११ मध्ये बायकांनी चोरटी लाकूडतोड करणाऱ्यांच्या गाड्या अडवल्या. मग गावाने पोलीस, नगराध्यक्ष आणि राजकीय पक्ष, तिघांनाही बाहेर काढलं. तिथे आज नगराध्यक्ष हे पदच नाही, गावाची परिषद आहे.

उरुआपानमध्ये पद शिल्लक आहे. ५ नोव्हेंबर २०२५ ला मृत नगराध्यक्षांच्या पत्नीने त्यावर शपथ घेतली.