‘लस नको’ असं लिहून घेतलं, म्हणून मालक सुटतो का?

(आमच्या ग्राहकांसाठी: पॅथॉलॉजी लॅब, छोटी रुग्णालये, खाणावळी आणि कँटीनचालक)

कर्मचाऱ्यांच्या फायली तपासताना एक कागद हमखास निघतो. ‘मी स्वखुशीने लस घेत नाही. पुढे काही झाल्यास मालक जबाबदार नाहीत.’ खाली सही किंवा अंगठा. या कागदाच्या भरवशावर राहू नका, ही आमची कळकळीची विनंती.

कामामुळे झालेल्या इजेची भरपाई मागण्याचा हक्क कर्मचाऱ्याने लिहून सोडला, तरी ते लिहिणं कायद्याने रद्दबातल ठरतं. 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याचं कलम 17 हेच सांगत होतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद कायम आहे. शिवाय रुग्णालय आणि प्रयोगशाळेतल्या कामातून होणारे संसर्गजन्य आजार व्यवसायजन्य आजारांच्या यादीतच आहेत.

समजा, कुणीतरी घाईत सुई सुयांसाठीच्या पांढऱ्या डब्यात न टाकता पिवळ्या पिशवीत टाकते. सफाईच्या मावशी पिशवीचं तोंड आवळून उचलतात आणि सुई तळहातात घुसते. जैववैद्यकीय कचरा नियम, 2016 नुसार कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं हे रुग्णालयाचं किंवा लॅबचं काम आहे, मावशींचं नाही. अशा वेळी तो सही केलेला कागद तुमच्याच अंगाशी येतो. मावशींना संरक्षण नाही हे माहीत असूनही तुम्ही त्यांना त्याच कामाला लावलंत, याचा तो पुरावा होतो.

मग लस टोचायची सक्ती करायची का? तसंही नाही. 2 मे 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही, असं स्पष्ट केलं. तो खटला कोविडच्या लसीचा होता, पण स्वतःच्या शरीराबाबत निर्णय घेण्याचा हक्क न्यायालयाने घटनेच्या कलम 21 मध्ये (जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) धरला आहे. सार्वजनिक आरोग्यासाठी वाजवी बंधनं घालता येतात, हेही त्याच निकालात आहे.

म्हणून हमीपत्र नको, नकाराची नोंद ठेवा. लस कोणती, ती का लागते हे कोणी आणि कधी मराठीत समजावलं, कर्मचाऱ्याने काय कारण दिलं, पुन्हा कधी विचारलं, तोवर कोणतं काम दिलं, एवढं त्यात हवं. ‘मालक जबाबदार नाहीत’ हे वाक्य काढून टाका. नकार देणाऱ्याला सुया आणि कचऱ्यापासून लांबचं काम द्या. नकारामागे बहुतेक वेळा भीती असते किंवा सुटीचा पगार बुडेल ही काळजी. डॉक्टरांनी पाच मिनिटं बसून बोललं आणि त्या दिवसाचा पगार कापणार नाही असं सांगितलं, तर बरेच जण तयार होतात. हिपॅटायटिस बीचे तीन डोस असतात: पहिला, त्यानंतर एक महिन्याने दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. तिसरा डोस सर्वाधिक राहून जातो. त्याची तारीख हजेरीच्या वहीतच लिहून ठेवा.

खाणावळी आणि कँटीनला अन्नसुरक्षा नियमांच्या अनुसूची 4 नुसार टायफॉइडसारख्या आतड्याच्या आजारांची लस आणि तिची नोंद बंधनकारक आहे. वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणीही करावी लागते. तपासणीला आलेला अधिकारी आधी ही नोंद मागू शकतो.

काही मालक ‘माझ्यामुळे कोणाला लागण झाली तर खर्च मी देईन’ असंही लिहून घेतात. याच्या जोरावर पगार कापू नका. पगारातून कपात फक्त कायद्यात दिलेल्या कारणांसाठीच करता येते. जिवाला धोकादायक आजार निष्काळजीपणे पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 271 खाली गुन्हा आहे, पण नुसती लस न घेणं म्हणजे तो गुन्हा नव्हे. ती भीती दाखवून सही घेतली, तर ती सही दबावाखाली घेतल्याचं कर्मचारी म्हणू शकतो.

जुनी हमीपत्रं फाडू नका. फाइल जशी आहे तशी आमच्याकडे घेऊन या, आपण एकेका कर्मचाऱ्याची नवी नोंद तयार करू.