आपल्या 'प्राचीन' नाचाचं वय नेमकं किती?

नागपुरात कोणाच्याही पोरीच्या भरतनाट्यमच्या अरंगेत्रमची (म्हणजे पहिल्या जाहीर कार्यक्रमाची) पत्रिका आली की त्यावर 'दोन हजार वर्षांची परंपरा' हे हमखास छापलेलं असतंच. खोटं नाही ते, पण अर्धंच आहे. नाट्यशास्त्र जुनंच, आणि १९२६ साली मोहेंजोदडोत सापडलेली साडेदहा सेंटीमीटरची कांस्याची 'नर्तकी' तर त्याच्याहून जुनी (आता ती नाचतेय की नुसतीच कमरेवर हात ठेवून उभी आहे, यावर अजून वाद चालतातच).

पण सुरुवातीच्या अलारिप्पूपासून शेवटच्या तिल्लानापर्यंतचा जो क्रम पोट्ट्या क्लासमध्ये घोटतात तो बसवला तंजावरच्या चार भावांनी, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि तोही मराठ्यांच्या दरबारात! भोसले म्हणजे आपले नागपूरकर नव्हे बरं, व्यंकोजींच्या घराण्यातले सरफोजीराजे. नाचायच्या देवदासी. पुढे इंग्रजी अमलात सुशिक्षित लोकांनीच नाचाविरुद्ध मोहीम काढली, नाचणारी म्हणजे बदनाम असं ठरवून टाकलं, मग १९३६ला रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी मद्रासला कलाक्षेत्र सुरू केलं, त्यातला शृंगार सोवळा केला आणि तोच नाच चांगल्या घरच्या मुली शिकायला लागल्या. देवदासी परंपरेतल्या बालसरस्वतींना हे सोवळेपण अजिबात पटलं नव्हतं, आणि मलाही त्यांचंच बरोबर वाटतं.

हे फक्त आपल्याकडेच झालं असंही नाही. हवाईत राणी काहुमानू ख्रिस्ती झाली आणि १८३०ला तिने तिथल्या हुला नाचावर बंदी घातली, राजा कालाकौआने १८८३च्या राज्याभिषेकात तो परत उघड्यावर नाचवला. तुर्कस्तानात १९२५ला सूफी मठच बंद केले, त्यामुळे तिथल्या दरवेशांचं (सूफी फकिरांचं) गिरक्या घेणंही तेव्हा बंद पडलं.

आता आपल्या बाजूचंच घ्या ना, आदिलाबादकडचे राजगोंड दिवाळीत दंडारी, म्हणजे नाचणाऱ्यांची टोळी, काढतात. त्यातला घुसाडी नाचणारा डोक्यावर मोरपिसांचा मोठा टोप घालतो, अंगाला राख फासतो, खांद्यावर बकऱ्याचं कातडं टाकतो. तिकडच्याच मार्लवाई गावच्या कनकराजूंना २०२१ला पद्मश्री मिळाली ती याच नाचासाठी. नागपूरच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रासारख्या ठिकाणी असले नाच बघायला मिळतात, पण स्टेजवर म्हणजे दहा-पंधरा मिनिटांचा आयटम, गावात मात्र पूर्ण टोळी दुसऱ्या गावाला पाहुणी जाते, तिथेच जेवते, रात्रभर नाचते, आणि बोलता बोलता सोयरिकीही जुळतात.