पलटणीतला नवरा आणि गावातली बाई

शिवकाळातल्या फौजेचं वेळापत्रक सभासदाच्या बखरीत आहे. पावसाळ्याचे चार महिने स्वदेशी छावणी, दसऱ्याला कूच, मग आठ महिने परमुलखात. लष्करात बायको, बटीक न्यायला सक्त मनाई. म्हणजे बाईने मागे राहायचं हे ठरलेलंच होतं, पण पाऊस पडला की फौज आपल्या मुलखात येणार हेही ठरलेलं होतं.

पेशवाईत मोहिमा लांबल्या आणि शिस्तही सैलावली. पानिपतावर बायकांचा मोठा गोतावळा सोबत होता, त्यात सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाईही होत्या. १४ जानेवारी १७६१ च्या संहारातून त्या पुण्याला परतल्या, पण भाऊ गेले हे त्यांनी मानलं नाही, कुंकूही पुसलं नाही. पुढे भाऊ म्हणवून घेणारा तोतया उभा राहिला, त्याच्यामागे माणसं जमली आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. पेशव्यांच्या घरात ही तऱ्हा. साध्या शिपायाची बायको किती वर्षं वाट पाहत होती, हे लिहून ठेवायला कुणी कारकून बसला नव्हता.

इंग्रजी पलटणींमुळे नोकरी बारमाही झाली आणि पगार रोखीत मिळू लागला. १८८० पासून टपालाने मनीऑर्डर येऊ लागली. १९१४ साली शिपायाला महिना ११ रुपये मिळत. घरी येणारी रक्कम एकत्र कुटुंबात बहुधा सासऱ्याच्या किंवा थोरल्या दिराच्या हाती पडे. शेत, गुरं, पोरं आणि म्हातारी माणसं मात्र बाईकडे. नवऱ्याचं पत्र आलंच तर वाचायला मास्तर किंवा पोस्टमन लागे. शिवाय लढाईच्या दिवसांत त्यावर आधी सेन्सॉरची नजर फिरलेली असे. चार माणसांत मोठ्याने वाचलं जाणार, हे ठाऊक असलेला नवरा लिहून लिहून लिहिणार काय? ‘मी खुशाल आहे, बैल विकू नका.’

पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात गेल्या. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या तिन्ही पलटणी तिथल्या कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकल्या. २९ एप्रिल १९१६ ला तिथे सुमारे तेरा हजारांच्या फौजेने शरणागती पत्करली. कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं, पुढे रेल्वेच्या कामाला जुंपलं. त्यांतले पुष्कळ परतले नाहीत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जण त्या महायुद्धात पडले. सरकारने त्यांचा स्मृतिफलक गावात लावला आणि गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ कायमचं चिकटलं.

त्या युद्धाचं घराकडचं रूप मात्र १९१८ सालीच उघडं पडलं. धान्य आधीच महागलेलं, त्यात पावसाने दगा दिला. जूनमध्ये मुंबई बंदरातून इन्फ्लुएंझा शिरला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या लाटेत गावंच्या गावं आडवी झाली. एकट्या मुंबई इलाख्यात सुमारे दहा लाख माणसं दगावली. वीस ते चाळीस वयातल्या बायका पुरुषांपेक्षा जास्त मेल्या. आजाऱ्यांची उस्तवार त्यांच्याच गळ्यात होती, हे एक कारण असावं. आघाडीवरून धडधाकट परतलेल्या शिपायाला घरी चूल विझलेली दिसणं, ही उलटी शोकांतिका आपल्या युद्धकथांत क्वचितच येते.

सरकारला शिपायाच्या कुटुंबाची आठवण झाली ती याच सुमारास. १९१७ मध्ये अपंग सैनिकांना काम शिकवणारी क्वीन मेरी संस्था निघाली. १९१९ मध्ये इंडियन सोल्जर्स बोर्ड स्थापन झालं. आजची सैनिक बोर्डं त्याच व्यवस्थेतली. सैनिकांच्या पत्नींची संघटना, ‘आवा’, १९६६ मधली.

बेपत्ता नवऱ्याचा प्रश्न मात्र स्वातंत्र्यानंतरही सुटला नाही. बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या दमयंती तांबे यांचे पती, फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे, डिसेंबर १९७१ च्या हवाई हल्ल्यातून परतले नाहीत. पकडलेल्या वैमानिकांमध्ये ‘टॉम्बे’ हे नाव तेव्हा एका पाकिस्तानी वृत्तपत्रात छापून आलं होतं. बेपत्ता सैनिकांचा आपला सरकारी आकडा बरीच वर्षं ५४ होता. पाकिस्तानने ते आपल्याकडे असल्याचं कायम नाकारलं. २००७ मध्ये नातेवाइकांना तिथले तुरुंग दाखवले गेले, त्यात दमयंतीबाईही गेल्या. हाती काही लागलं नाही.

एरवी वाट पाहण्याची रीत बदलली. तार दारात आली की वाचण्याआधीच रडारड सुरू व्हायची. ती तारसेवाच जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आता जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची किरकोळ रजा असते, फील्डवरून रेंज असेल तेव्हा व्हिडिओ कॉल येतो. बँक, शाळा, सासूचा दवाखाना, भावकीतला बांधाचा वाद हे सगळं अजूनही बाईच बघते. फरक एवढाच की पगाराचं एटीएम कार्ड आता अनेकदा तिच्याजवळ असतं.

कागदावरचे नियम मात्र सावकाश हलतात. शौर्यपदक मिळालेल्या सैनिकाच्या विधवेने पुन्हा लग्न केलं, तर पदकाचा मासिक भत्ता बंद होत असे; दिराशीच लग्न केलं तरच तो चालू राही. ही अट निघाली नोव्हेंबर २०१७ मध्ये. त्याच्या दोनच महिने आधी साताऱ्याच्या दिवंगत कर्नल संतोष महाडिक यांच्या पत्नी, दोन मुलांच्या आई स्वाती महाडिक, चेन्नईच्या अकादमीतून लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या होत्या.